बंद झालेलं व्यसन पुन्हा सुरू होतं तेव्हा

पायवाट (धागाकर्ता)

व्यसन सुटलेल्या माणसाच्या घरात रिलॅप्सची, म्हणजे ते पुन्हा सुरू होण्याची, धास्ती प्रत्येकाला असते, पण त्याबद्दल आधी बोलून कुणीच ठेवत नाही. नाव काढलं तर खरंच होईल अशी भीती वाटते. मी दारूतून बाहेर आलो त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कुटुंबीयांच्या गटात बसतो. तिथे एक वाक्य वेगवेगळ्या तोंडून सारखं ऐकू येतं, "सगळं छान चाललं होतं, अचानक काय झालं कळलंच नाही." मला या धाग्यात ठामपणे मांडायचंय ते हे, की रिलॅप्स अचानक होत नाही. पहिला घोट घशाखाली जातो तेव्हा तो सुरू होऊन बहुतेक वेळा काही आठवडे झालेले असतात. आणि त्या घोटानंतरचे एक-दोन दिवस कसे जातात यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींतून होते. झोप विस्कटते. एका आठवड्यात व्यसनमुक्ती गटाची मीटिंग राहून जाते, मग पुढच्याही. फॉलोअपची तारीख पुढे ढकलली जाते, "आता कशाला" म्हणून गोळ्या बंद होतात. बोलणं तुटक होतं. चेहरा वैतागलेला, पण विचारलं की "काही नाही". या काळात त्याच्या मनात दारूचा विचार नसतोही, त्यामुळे "प्यावंसं वाटतंय का?" या प्रश्नावर तो "नाही" म्हणतो ते खरंच असतं. त्यानंतर मनात घासाघीस सुरू होते. जुने दिवस आठवतात, पण त्यातले हसण्या-खिदळण्याचे तेवढे. उलट्या, कर्ज, दवाखाना यातलं काही आठवत नाही. "बिअरने काय होतंय", "बाहेरगावी गेल्यावर एकदाच", "आता मला कंट्रोल जमेल." जुन्या मित्राला सहज म्हणून फोन होतो. काही कारण नसताना नेमक्या त्याच रस्त्याने जाणं होतं. आणि मग कधीतरी प्रत्यक्ष पिणं. घरच्यांना दिसतो तो एवढा शेवटचा भाग.

अ‍ॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेली रिलॅप्स टाळण्याची पद्धत आजही उपचारांत वापरली जाते. व्यसन सोडलेल्या लोकांच्या पहिल्या घसरणीचे ३११ प्रसंग त्यांनी तपासले. त्यातल्या ३५ टक्के वेळा आधी उदासी, राग, चिंता किंवा कंटाळा होता. २० टक्के वेळा लोकांचा आग्रह किंवा त्यांची संगत होती, आणि १६ टक्के वेळा जवळच्या कुणाशी तरी भांडण झालेलं होतं. घरच्यांचा सगळा राग 'त्या मित्रांवर' असतो. पण गेला महिनाभर हा माणूस उदास होता, कुणाशी धड बोलत नव्हता, इकडे लक्ष गेलेलं नसतं. म्हणून आम्ही गटात रोज चार गोष्टी तपासायला सांगतो: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलोय का. फार साधं वाटतं, पण अडलेल्या संध्याकाळी माणूस यातल्याच एकात अडकलेला सापडतो.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. एकदा घसरणं म्हणजे स्लिप, आणि पुन्हा पूर्वीसारखं सुरू होणं म्हणजे रिलॅप्स. या दोन्हींच्या मध्ये काही तासांचा, कधी काही दिवसांचा अवकाश असतो. त्या अवकाशात माणसाच्या डोक्यात चालू असतं, "एवढे महिने मातीत गेले, मी आहेच तसला, आता एक काय आणि दहा काय." मार्लॅट यांनी नेमकी हीच अवस्था सगळ्यात घातक ठरवली होती. ही लाज त्याला पुन्हा बाटलीकडे नेते, कारण लाज बुडवायचा त्याला माहीत असलेला एकच उपाय तो आहे. घरच्यांकडूनही नेमकं तेच ऐकू आलं, "शेवटी दाखवलीसच ना लायकी," तर त्या विचारावर शिक्कामोर्तब होतं.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय, भोगलंय, त्यांनी लिहावं. उपचार करणारे कुणी असतील तर त्यांनीही.

ऊनसावली

पायवाट, तुमचं पहिलं वाक्य वाचूनच डोळे भरून आले. माझ्या नवऱ्याची दारू सुटून वर्ष उलटलं होतं. गेले दोन-तीन दिवस मला वास येतोय. तो म्हणतो, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं दोन महिन्यांपासून घरात होती. मीटिंग बंद, रात्र-रात्र जागरण, मुलीवर विनाकारण ओरडणं. कामाचा ताण असेल असं मी धरून चालले होते.

माझे प्रश्न सरळ आहेत. त्याला तोंडावर विचारू का? विचारलं आणि तो घर सोडून गेला तर? नणंद म्हणते, पूर्वीची गोळी शिल्लक आहे ती त्याच्या नकळत जेवणात घाल, आपोआप बंद होईल. आणि मनात सारखं येतंय, की अ‍ॅडमिट केलं, एवढा खर्च केला, सगळ्यांची बोलणी ऐकली, ते सगळं वायाच गेलं ना?

मनोवैद्य

ऊनसावली, मी मनोविकारतज्ज्ञ आहे. बाकीच्या प्रश्नांवर इतर लोक लिहितीलच, मी आधी गोळीचं सांगतो कारण ते तातडीचं आहे. ती गोळी नकळत देऊ नका. तुमच्या वर्णनावरून ती डायसल्फिराम असावी. दारूचं शरीरात विघटन होताना तयार होणारं असिटाल्डिहाइड ही गोळी साचवून ठेवते. वर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो, आणि हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला आपण गोळी घेतलीय हे माहीतच नाही तो पिण्याआधी थांबणार कसा? हे औषध १९५१ पासून अधिकृत वापरात आहे. ज्याने स्वतः ठरवून, समजून घेतलं आणि घरच्या माणसासमोर रोज घेतलं त्याला ते उपयोगी पडतं. चोरून दिलं तर घात होतो. आणि ते कळलं की नंतर तो घरातल्या जेवणावर आणि तुमच्यावरही विश्वास ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यांसाठी. पुन्हा सुरू झालेली दारू रोजची होऊन बसली असेल तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं-किडे दिसतात, ताप येतो, दिवस-रात्रीचं भान राहत नाही. ही अवस्था दवाखान्यात सांभाळायची असते, घरी नाही. "मागच्या वेळी घरीच सुटली होती" या आठवणीवर विसंबू नका. जेम्स बॅलेंजर आणि रॉबर्ट पोस्ट यांनी १९७८ मध्ये असं मांडलं की दारू जितक्या वेळा सुटते आणि पुन्हा लागते, तितका पुढचा विथड्रॉवल, म्हणजे दारू थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, जास्त तीव्र होत जातो. मेंदू दरवेळी आधीपेक्षा लवकर चेकाळतो. मागे कधी फिट आलेली असेल तर डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा. मात्र अनेक महिन्यांच्या खंडानंतर एकच संध्याकाळ प्यायले असतील तर विथड्रॉवलची शक्यता फार कमी, तिथे घाबरून धावपळ करायची गरज नसते.

हेरॉइन, ब्राऊन शुगर किंवा अफूपासून बनलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत चित्र वेगळं आणि जास्त भयंकर आहे. तिथे विथड्रॉवलने माणूस सहसा मरत नाही, रिलॅप्सने मरतो. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय मोडलेली असते, पण डोक्यात मात्र जुना डोस असतो. तो घेतला की श्वास मंदावत थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट होता. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यानंतरचे दिवसही म्हणूनच जपायचे. अशा घरात नॅलोक्सोन हे ओव्हरडोसवर उतारा म्हणून दिलं जाणारं औषध असावं, आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या दोघांना तरी यावं. ते दोन-तीन मिनिटांत काम करतं, पण त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात उतरतो, अंगातलं अफूजन्य द्रव्य तोवर शिल्लक असू शकतं. त्यामुळे माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचंच.

परतीचा_पाऊस

मनोवैद्य यांनी लिहिलेलं मी जगलोय. केंद्रातून बाहेर आल्यावर जुन्या प्रमाणात घेतलं आणि मित्राने वेळेत दवाखान्यात टाकलं म्हणून आज लिहितोय. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला जागेबद्दल लिहायचंय.

केंद्रात असताना मला तलफ जवळपास येतच नव्हती. वाटलं सुटलं सगळं. घरी आलो, जिना चढताना नाकात तो वास भरला, आणि पोटात पिळवटून आलं, तळहात घामेजले. वास कसलाच नव्हता, जिनाच होता फक्त. नंतर समुपदेशकांनी समजावलं की मेंदूने त्या जागेशी गाठ बांधलेली असते आणि ती इच्छाशक्तीने सुटत नाही, हळूहळू सैल होते. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला होता. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा आहारी गेले ते सुमारे ५ टक्केच. जागा बदलली, माणसं बदलली, माल सहज मिळेनासा झाला. आमचं उलटं असतं. आम्ही बरे होतो परक्या जागी आणि परततो त्याच जिन्यावर.

शक्य असेल त्यांनी खोली बदला, येण्या-जाण्याचा रस्ता बदला, फोन नंबर बदला. ते शक्य नसेल त्यांना तलफेचं गणित सांगतो. ती वर चढते, टोकाला जाते आणि साधारण पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते, तुम्ही काही केलं नाहीत तरी. मला आधी वाटायचं की ऐकलं नाही तर ती वाढतच जाणार. एकदा घड्याळ समोर ठेवून बसलो आणि ती उतरताना अनुभवली, त्यानंतर तिचा धाक कमी झाला. त्या अर्ध्या तासात तिच्याशी वाद घालायचा नाही. कुठे जाणवतेय ते बघायचं, घशात, छातीत, हातात. आणि कुणाला तरी फोन करून "आत्ता आलीय" एवढं म्हणायचं. फोनवर सल्ला नको असतो, फक्त पलीकडे कुणीतरी हवं असतं.

सरळरेष

सगळ्यांच्या वेदनेचा आदर ठेवून एक विचारतो. माझ्या धाकट्या भावाला आम्ही इतक्यांदा उभं केलंय की आई-वडिलांची पुंजी संपली. दरवेळी तो म्हणतो, "दादा, हा आजार आहे, रिलॅप्स हा आजाराचा भाग आहे, काउन्सेलरनेच सांगितलंय." हे वाक्य त्याच्या हातात सुट्टीच्या अर्जासारखं आहे. तुम्ही लाज देऊ नका म्हणता. मग जबाबदारी कुठे राहिली? आणि आम्ही माणसं नाही का?

पायवाट

सरळरेष, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो प्रत्येक गटात कुणीतरी विचारायलाच हवा.

आजार आहे हे खरं. मॅक्लेलन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक तुलना मांडली होती, ती मला फार उपयोगी वाटते. उपचारांनंतर वर्षभरात व्यसनाकडे परतणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के. उच्च रक्तदाब आणि दमा या आजारांत पथ्य-औषध सुटून त्रास उलटणाऱ्यांचं प्रमाण ५० ते ७० टक्के. दम्याचा झटका पुन्हा आला तर पूर्वीचे उपचार फुकट गेले असं कुणी म्हणत नाही. ऊनसावली, "वाया गेलं का" याचं उत्तरही यातच आहे. पण सरळरेष, याच तुलनेची दुसरी बाजू तुमच्या भावाला कुणी सांगितलेली दिसत नाही. आजार झाला यात दम्याच्या रुग्णाचा दोष नाही, तरी पंप जवळ ठेवणं त्याचंच काम असतं. रिलॅप्स होऊ शकतो ही माहिती तयारीसाठी असते, परवानगी म्हणून नाही. "आजाराचा भाग आहे" म्हणणाऱ्याला मी लगेच विचारतो, "बरं, मग त्यावरचा उपचार आज किती वाजता घेणार आहेस?" जो उपचाराकडे जातो तो हे वाक्य प्रामाणिकपणे म्हणत असतो. जो जात नाही, त्याला मदत करणं तुम्ही थांबवू शकता, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

लाज आणि जबाबदारी यांत मी फरक करतो तो असा. "तू वाईट आहेस" यावर त्याला काही करता येत नाही. "तू मंगळवारी प्यायलास, आता काय करणार आहेस?" यावर करता येतं.

आणखी एक सांगतो, कारण स्लिपनंतर माणूस स्वतःला कायमचा बाद समजतो. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात झाली. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे तिचे दोन संस्थापक मे महिन्यात भेटले, डॉ. बॉब यांनी दारू सोडली, काही आठवड्यांनी एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा भरपूर प्यायले. परत आल्यावर बिल यांनी त्यांना दाराबाहेर उभं केलं नाही, सोबत राहून सावरलं. १० जून हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेगचा दिवस, आणि तोच या संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. १९५० मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी पुन्हा घेतली नाही. जगभर पसरलेल्या या चळवळीची तारीखच एका रिलॅप्सच्या शेवटाची आहे. मी हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतो.

परतीचा_पाऊस

+१. आणि सरळरेष, मी त्या धाकट्या भावाच्या जागी होतो. माझ्या थोरल्या बहिणीने पैसे देणं बंद केलं, पण दवाखान्यात यायचं बंद केलं नाही. दोन्ही एकदम करता येतं.

किनारा

मी कुटुंबांबरोबर काम करणारी समुपदेशक आहे. ऊनसावलीताई, "तोंडावर विचारू का" याबद्दल.

विचारा, पण उलटतपासणी करू नका. तो प्यायलेला असताना अजिबात नको, त्या वेळी झालेलं बोलणं सकाळी त्याच्या लक्षातही नसतं आणि तुमची रात्र जाते. सकाळी, शुद्धीत असताना, मुलगी समोर नसताना बोला. बाटल्या शोधत बसू नका, पुरावा दाखवून कबूल करायला लावण्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. तुम्ही जे पाहिलंत तेवढंच सांगा. "रविवारपासून मला वास येतोय. दोन महिने तू मीटिंगला गेला नाहीस. मला भीती वाटतेय. आज तुझ्या डॉक्टरांना फोन करूया, मी सोबत येते." तो नाकारेल. नाकारू द्या. "ठीक आहे, मी माझं म्हणणं सांगितलं" म्हणून उठा. पहिल्या नकारानंतर कित्येकदा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस स्वतःहून बोलतो, पण त्यासाठी मधल्या वेळात घरात रणकंदन झालेलं नसावं लागतं.

"घर सोडून गेला तर" ही भीती जवळजवळ प्रत्येक बायकोची असते. या भीतीपोटी आठवडेच्या आठवडे गप्प राहण्यात जातात आणि तेवढ्यात स्लिपचा रिलॅप्स होतो. अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी घरच्यांना शिकवण्याची एक पद्धत विकसित केली, क्राफ्ट नावाची. भांडण न करता बोलणं, तो शुद्धीत असेल तेव्हा मुद्दाम वेळ देणं, प्यायलेला असेल तेव्हा बाजूला होणं, पिण्याचे परिणाम स्वतःच्या अंगावर न घेणं, आणि त्याचं मन तयार दिसलं की लगेच उपचाराचं नाव काढणं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने शिकलेल्या कुटुंबांपैकी ६४ टक्के कुटुंबांना आपला माणूस उपचारापर्यंत आणता आला. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत तो आकडा ३० टक्के होता. माझा स्वतःचा अनुभवही असाच आहे. नातेवाइकांची बैठक बोलावू नका. चुलते, मेहुणे, शेजारी अशा दहा जणांसमोर कबूल झालेला माणूस त्यांच्या पाठीमागे प्यायला लागतो.

परिणाम अंगावर न घेणं म्हणजे काय? त्याच्या ऑफिसात "बरं नाहीये" असा फोन तुम्ही करायचा नाही. उधारी तुम्ही फेडायची नाही. पण जे ठरवाल ते पाळता येण्यासारखं असावं. "पुन्हा प्यायलास तर माहेरी जाईन" असं दहादा म्हणून एकदाही न जाण्यापेक्षा "प्यायलेला असशील तेव्हा मी आणि मुलगी दुसऱ्या खोलीत झोपू" हे छोटं वाक्य रोज पाळलेलं बरं. आणि तो हात उगारत असेल तर यातलं काहीही लागू नाही. तिथे आधी तुम्ही आणि मुलगी सुरक्षित जागी.

गवतफूल

मुलीचा उल्लेख वाचून लिहावंसं वाटलं. माझे बाबा प्यायचे. सोडायचे, पुन्हा सुरू करायचे. घरातले मोठे माझ्यापासून सगळं लपवायचे आणि मला सगळं कळायचं. जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून. सगळ्यात वाईट काय होतं सांगू? आई म्हणायची "काही झालं नाही", म्हणजे जे मला दिसतंय ते खोटं, आणि बाबा माझ्यामुळेच चिडलेत. मुलांना वाटतं, आपण मार्क कमी पाडले म्हणून, आपण मस्ती केली म्हणून.

ऊनसावलीताई, तिला खरं सांगा, तिच्या वयाला पेलेल एवढं. "बाबांचा आजार परत आलाय. तो तुझ्यामुळे आलेला नाही आणि तू तो बरा करू शकत नाहीस. आम्ही डॉक्टरांकडे जातोय." एवढं मला कुणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. बाबांवर नजर ठेवायचं काम मात्र तिला कधीही देऊ नका. आणि तुमच्यासाठी अल-अनॉन हा आधारगट आहे, १९५१ पासून घरच्यांसाठीच चालतं. तुमचा नवरा बरा होवो न होवो, तिथे तुम्हाला जाता येतं. आई फार उशिरा गेली, पण गेल्यावर घरातली हवा बदलली.

दीपमाळ

दारूवर बरंच बोलून झालं म्हणून थोडक्यात. जुगारात वास येत नाही, रक्ताची तपासणी नाही. तिथे रिलॅप्स आधी पैशांत दिसतो. फोनचा पासवर्ड बदलतो, बँकेचे मेसेज पुसलेले असतात, छोटी-छोटी उसनवारी सुरू होते. माझ्या घरी आम्ही ठरवून, त्याच्या संमतीने, पगाराचं खातं दोघांच्या नावावर केलं आणि सगळे मेसेज मलाही येतात. "शेवटचं एकदा फेड, मग सगळं बंद" या विनंतीला मात्र नाही म्हणावंच लागतं. कर्ज एकदम फिटलं की डोक्यावरचा भार जातो आणि पुन्हा खेळायला हात मोकळा होतो.

सिगारेट सोडणाऱ्यांनीही हा धागा आपला समजावा. हंट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दारू, हेरॉइन आणि सिगारेट यांचे आलेख शेजारी-शेजारी मांडले, तर तिन्हींची वळणं जवळपास सारखीच निघाली. परत वळणाऱ्यांपैकी बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच वळतात. तेवढे महिने तरी स्वतःवर जादा कामं, नवी कर्जं, मोठे निर्णय लादू नयेत.

ऊनसावली

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळ्यांचं पाकीट मी नणंदेच्या हातून काढून घेतलं. आज सकाळी किनाराताईंनी लिहिलं तसंच, जवळजवळ त्याच शब्दांत बोललो आम्ही. म्हणजे मी बोलले. तो आधी "नाही" म्हणाला आणि आंघोळीला गेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "रविवारपासून रोज घेतोय. तुला सांगायची हिंमत होत नव्हती." डॉक्टरांनी परवाची वेळ दिलीय. मी आत जाऊ का त्याच्याबरोबर? आणि तोवर काय करू?

मनोवैद्य

जा, पण सुरुवातीचा वेळ त्याला एकट्याला द्या, नंतर डॉक्टरांनी बोलावलं की आत जा. सोबत कागदावर लिहून न्या: शेवटचं कधी प्यायला, रोज साधारण किती, गोळ्या केव्हापासून बंद आहेत, पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झाला होता का, झोप कधीपासून बिघडलीय. तलफ कमी करणाऱ्या औषधांबद्दल विचारा. नॅल्ट्रेक्सोन दारूसाठी १९९४ पासून वापरात आहे, अकॅम्प्रोसेटही आहे. यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतील. आणि मीटिंगला जायला परवाची वाट बघायची गरज नाही, आज संध्याकाळी जाता येईल.

मधल्या काळात त्याला उपाशी राहू देऊ नका, पाणी भरपूर, आणि गाडीची किल्ली तुमच्याकडे. घरातल्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या असतील तर त्यातली एकही स्वतःच्या मनाने देऊ नका. आजपासून बंद करतोय म्हणाला तर आधी त्याच डॉक्टरांना फोन करून विचारा. आज रात्री किंवा उद्या हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, उलट्या थांबेनात किंवा तो असंबद्ध बोलायला लागला तर परवाच्या वेळेसाठी थांबू नका, रात्र असली तरी सरळ इमर्जन्सीत न्या.